विषय सगळ्यांच्या हाती लागावा यासाठी

पदवीच्या पहिल्या वर्षाचा वर्ग भरला की त्यात कोण कोण बसलेलं आहे, हे आधी नीट पाहायला हवं. वाशी-भूमकडच्या एखाद्या वस्तीवरून पहाटेच्या मुक्कामी एसटीनं निघालेली मुलगी असते. उमरगा तालुक्याच्या सीमेवरचा, घरात कन्नड बोलणारा मुलगा असतो. तांड्यावरून आलेला, आईशी गोरमाटीत बोलणारा असतो. दिवाळीच्या सुमारास ज्याचे आईवडील कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जातात आणि मागं घर, आजी, शेरडं आणि धाकटी भावंडं ज्याच्यावर पडतात, असा एखादा असतो. डोळ्यांनी अजिबात न दिसणारा एखादा असतो. आणि कमी ऐकू येत असूनही ते कुणालाच न सांगितलेली एखादी शेवटून दुसऱ्या बाकावर असते.

फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाकडेही पाहा. अनेकदा तो तासिका तत्त्वावर, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातल्या सीएचबीवर असतो. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या. नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, ओजेटी, श्रेयांक, अंतर्गत मूल्यमापन हे सगळं समजून घेऊन त्याला त्याच वर्षी शिकवायचं होतं. ज्या विषयाचं पुस्तक अजून बाजारात नाही, त्याच्या नोट्स तो रात्री बसून काढतो.

सर्वसमावेशक शिक्षणाची परिपत्रकं आणि कार्यशाळा या दोघांच्या मध्ये येतात तेव्हा बहुतेक सगळा भार त्या उभ्या माणसावर टाकून मोकळ्या होतात. हे उलट बाजूनं व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. अभ्यासक्रम विद्यार्थ्यांना सुलभ व्हायचा असेल तर प्राध्यापकाला आधी तीन गोष्टी मिळाल्या पाहिजेत: थोडा मोकळा वेळ, मदतीला एक माणूस आणि चालणारं साधन. म्हणून हा लेख प्राध्यापकांसाठी आहेच; पण प्राचार्य, विभागप्रमुख, ग्रंथपाल, परीक्षा विभाग आणि आयक्यूएसीचे, म्हणजे महाविद्यालयातल्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे, समन्वयक यांच्यासाठी तो त्याहून जास्त आहे.

वर्गात कोण आहे, हे कळू द्या

प्रवेश अर्जावर दिव्यांगत्वाचा रकाना असतो आणि बहुतेक ठिकाणी माहिती तिथंच थांबते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. कमी दृष्टी, ऐकण्यातला दोष, सिकलसेल, थॅलेसेमिया, मानसिक आजार, वाचन-लेखनातली विशिष्ट अध्ययन अक्षमता हे सगळं त्यात येतं. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा ठेवायच्या आहेत आणि प्रवेशाच्या वयात पाच वर्षांची सूट द्यायची आहे. पण ज्याच्याकडे प्रमाणपत्रच नाही, त्याचं काय? अक्षरं उलटसुलट दिसणारा मुलगा शाळेत 'मठ्ठ' ठरून इथवर आलेला असतो. त्याची तपासणी कधी झालेलीच नसते.

म्हणून पहिल्या आठवड्यात अर्ध्या पानाची एक चिठ्ठी भरून घ्यावी. कुठून येता, कोणत्या गाडीनं, ती किती वाजता पोचते? मोबाइल स्वतःचा की घरात सगळ्यांत मिळून एक? घरी कोणती भाषा बोलता? मागच्या बाकावरून फळा दिसतो का, शिकवलेलं ऐकू येतं का? वर्षातल्या कोणत्या महिन्यांत घरी किंवा शेतात काम जास्त असतं? आणि शेवटी एक मोकळी ओळ: आम्हाला माहीत असावं असं आणखी काही. वर्गात 'कुणाला ऐकू येत नाही, हात वर करा' असं कधीही विचारू नये. हात वर होणार नाही आणि विचारलेलं मात्र मनात राहील. चिठ्ठी त्या विद्यार्थ्यासाठी नेमलेला मेंटॉर प्राध्यापक वाचेल आणि आपल्यापाशी ठेवेल. विभागाला नावाशिवाय आकडे पुरतात: इतक्यांची पहिली गाडी साडेनऊला येते, इतक्यांकडे स्वतःचा फोन नाही, इतक्यांना फळा दिसत नाही.

यातला एसटीचा मुद्दा तर फुकटात सुटण्यासारखा आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम आणि परंडा इथं एसटीची आगारं आहेत. प्राचार्यांनी जूनमध्येच वेळापत्रक हातात घेऊन आगारप्रमुखांना भेटावं, गावांची यादी द्यावी, गाडी अर्धा तास अलीकडे-पलीकडे होते का पाहावं. होत नसेल तर आपलं वेळापत्रक हलवावं. मेजर विषयाचा तास आणि अंतर्गत चाचणी ही सकाळच्या पहिल्या किंवा संध्याकाळच्या शेवटच्या तासाला ठेवू नये. जी मुलगी दर मंगळवारी पहिल्या तासाला वीस मिनिटं उशिरा येते, तिला तुम्ही रागावता. पण तिच्या गावाला तेवढी एकच गाडी आहे.

नोट्स: मोबाइलवर उघडतात का, वाचता येतात का

या बाबीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे. कारण कमी खर्चात सर्वांत जास्त मुलांचा फायदा इथं होतो आणि नेमकं याकडेच कुणी पाहत नाही.

आपल्याकडच्या मराठी नोट्स आणि प्रश्नसंच वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टच्या जुन्या पद्धतीत टंकलेले आहेत. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथं अक्षर सुंदर दिसतं. पण संगणकाच्या लेखी ती मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, वरून फक्त देवनागरीचा मुखवटा असतो. विद्यार्थ्याच्या फोनवर ती फाइल उघडली की निरर्थक चिन्हं दिसतात. दृष्टिहीन विद्यार्थ्याचं वाचक सॉफ्टवेअर ती चिन्हंच मोठ्यानं वाचतं. दुसरी अडचण फोटोंची. हातानं लिहिलेल्या वहीची पानं मोबाइलवर काढून त्यांची पीडीएफ केली की ती जड होते, रेंज नसलेल्या गावात उतरत नाही, त्यात शोधता येत नाही आणि वाचक सॉफ्टवेअरला तर ती कोरी पानं असतात.

तपासायला अर्धं मिनिट लागतं. आपल्या फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटली तर फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला मराठी म्हणूनच वाचता येणाऱ्या पद्धतीत, आहे. भलतंच काही उमटलं, किंवा ओळ निवडताच आली नाही, तर फाइल बदलायला हवी. युनिकोडसाठी काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजमध्ये निर्मला हा फॉन्ट आणि देवनागरी कळफलक असतोच. ज्यांना टंकलेखनाचा कंटाळा आहे त्यांनी गूगल डॉक्समध्ये बोलून टंकण्याची सोय वापरावी. मराठी बऱ्यापैकी नीट उमटते, विरामचिन्हं मात्र स्वतः घालावी लागतात. जुन्या छापील पानांचा स्वच्छ फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून तो डॉक्समध्ये उघडला की अक्षरं मजकुरात बदलून मिळतात. जोडाक्षरं आणि आकडे मात्र डोळ्याखालून घालावेच लागतात.

हे काम प्राध्यापकानं एकट्यानं करू नये. ज्या महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' योजना आहे तिथं बागेत पाणी घालण्याबरोबर 'नोट्स युनिकोडमध्ये आणणे' हेही काम ठरवून द्यावं. दोन विद्यार्थी, ग्रंथालयातला एक संगणक, आठवड्याचे ठरावीक तास. विद्यार्थ्याला मानधन मिळतं, त्याचं टंकलेखन सुधारतं आणि तो विषयही वाचतो. प्राध्यापकाकडे उरतं ते फक्त तपासणं. एकाच विद्यापीठाचा अभ्यासक्रम असलेल्या शेजारच्या महाविद्यालयांनी पेपर वाटून घ्यावेत. उमरगा आणि मुरूम एकाच तालुक्यात आहेत. इतिहासाच्या एकाच पेपरच्या नोट्स दोन्ही गावांत वेगवेगळ्या टंकून काय साधणार?

फाइल तयार करताना चार सवयी लावून घ्याव्यात. मथळा ठळक करून न सोडता वर्डमधली मथळ्याची शैली लावावी, म्हणजे वाचक सॉफ्टवेअर वापरणारा विद्यार्थी एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो. आकृतीखाली तिच्यात काय आहे ते दोन ओळींत लिहावं. तेरणा खोऱ्याचा नकाशा असेल तर नदी कुठून कुठं वाहते, धरण कुठं आहे, एवढं पुरे. आलेखात फक्त लाल आणि हिरव्या रेषा न वापरता एक तुटक, एक सलग काढावी, कारण लाल-हिरव्यात फरक न कळणारी मुलं प्रत्येक महाविद्यालयात असतात. आणि छापून मग स्कॅन करण्याऐवजी वर्डमधूनच थेट पीडीएफ करावी.

दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी संगणकावर एनव्हीडीए हा वाचक मोफत मिळतो आणि तो मराठी वाचतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासूनच असतो. पाठ्यपुस्तक युनिकोडमध्ये करून देणं हा कॉपीराइटचा भंग आहे, अशी भीती ग्रंथपालांना वाटते. ती अनाठायी आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांग व्यक्तींच्या वापरासाठी, नफा न घेता, पुस्तकाचं सुलभ रूपांतर करायला परवानगी मिळाली. दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून २०१३ मध्ये झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारतच होता, २०१४ साली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात अशा विद्यार्थ्याची नोंदणी ग्रंथपालांनी स्वतः बसून करून द्यावी.

भाषा: दोन्ही हातांनी शिकवायचं

आपल्या जिल्ह्याला शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न नवा नाही. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघालं ते उर्दूतून शिकवण्यासाठी. अशा काळात आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. पुढं स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ज्यांना मराठवाडा ओळखू लागला, ते व्यंकटेश खेडगीकर या शाळेत शिकवत होते. मुलांच्या भाषेतून शिकवण्याचा हट्ट या मातीत शंभर वर्षं मुरलेला आहे.

आज अडचण वेगळ्या जागी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी विज्ञान शाखेत आला की पुस्तक, प्रयोगवही, प्रश्नपत्रिका सगळं इंग्रजी. प्राध्यापक मराठीत समजावतात, मुलाला ते कळतं, आणि उत्तर लिहायला बसल्यावर हातातून काही उतरत नाही. समजावणं मराठीत आणि मोजणं इंग्रजीत, यामधला पूल कुणी बांधलेला नसतो.

त्यासाठी प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला एका पानाची शब्दयादी द्या: वीस-पंचवीस पारिभाषिक शब्द, मराठी प्रतिशब्द, एका वाक्यात अर्थ. मराठी शब्द मनानं बनवू नका. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश विषयवार आहेत आणि इंटरनेटवर मोफत पाहता येतात. मराठी विश्वकोशातल्या नोंदी तर आपल्या विद्यार्थ्यांना आयत्या वाचायला मिळतात. वाईहून निघणाऱ्या विश्वकोशाची एखादी नोंद घटक सुरू होण्याआधी वाचून यायला सांगितली की पुढचा इंग्रजी परिच्छेद परका वाटत नाही. मग इंग्रजी उत्तर लिहिण्याचा सराव वर्गातच, पाच ओळींपासून सुरू करा. आधी मराठीत बोलू द्या, मग जोडीनं इंग्रजीत लिहू द्या, मग दोन जोड्यांना एकमेकांच्या वह्या तपासू द्या. पहिल्या सत्रात व्याकरणाच्या चुकांवर लाल रेघा नकोत. मुद्दा आला का, एवढंच पाहावं.

घरी कन्नड, गोरमाटी किंवा दख्खनी बोलणाऱ्यांसाठी प्रमाण मराठीसुद्धा दुसरीच भाषा आहे, हे मराठीच्या प्राध्यापकांनी ध्यानात ठेवावं. मुलगा वर्गात गप्प असतो याचा अर्थ त्याला येत नाही असा नव्हे; हसतील या भीतीनं तो तोंड उघडत नाही. पहिल्या महिन्यात बोलीतल्या उत्तराला पूर्ण गुण देऊन पाहा. वर्गाचा आवाज बदलतो.

फळ्यापाशी

दृष्टिहीन विद्यार्थी वर्गात असेल तर फळ्यावर लिहिलेलं प्रत्येक वेळी बोलायचं. 'हे इथून तिकडं नेलं की ते येतं' असं बोलून उपयोग नाही. 'आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर पाऊस, रेषा २०१५ मध्ये खाली आली' असं बोलायचं. ही सवय लागली की शेवटच्या बाकावरच्या सगळ्यांचाच फायदा होतो, आणि तास ध्वनिमुद्रित केला तर तो ऐकूनही समजतो. कमी ऐकू येणाऱ्यासाठी याच्या उलट काळजी: फळ्याकडे तोंड करून बोलू नये, परीक्षेची तारीख किंवा गृहपाठ नुसता तोंडी सांगू नये, दुसऱ्या मुलानं विचारलेला प्रश्न आधी पुन्हा सांगून मग उत्तर द्यावं. अँड्रॉइडवर लाइव्ह ट्रान्सक्राइब नावाचं मोफत ॲप समोरच्याचं मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं. वर्गाच्या गोंगाटात ते चुकतं, पण समोरासमोर शंका विचारताना कामाला येतं. तो फोन बाकावर ठेवायची परवानगी प्राध्यापकानं स्वतःहून द्यावी. मुलीनं येऊन मागायची वाट पाहू नये.

रॅम्प आणि स्वच्छतागृहाबद्दल नॅकच्या सातव्या निकषामुळे आता बऱ्याच जणांना माहिती आहे. एवढंच पाहावं की रॅम्पच्या तोंडाशी मोटारसायकली लागत नाहीत, आणि चालायला त्रास असलेल्या विद्यार्थ्याचा वर्ग त्या सत्रापुरता तळमजल्यावर आणला आहे.

हंगाम आणि सत्र

सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि मळणी, त्यातच तुळजापूरचं नवरात्र. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. पहिल्या सत्राची परीक्षा आणि दुसऱ्या सत्राची सुरुवात नेमकी याच काळात येते. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या घरात मुलाची चाचणी आहे म्हणून कुणी थांबू शकत नाही. मुलगा स्वतः फडात गेला नाही तरी घरचा सगळा संसार त्याच्यावर येतो.

यावर उपाय सत्राच्या आराखड्यातच करावा लागतो. अंतर्गत गुण एकाच चाचणीवर न ठेवता तीन-चार छोट्या कामांत वाटावेत. फेरचाचणीची तारीख पहिल्याच दिवशी सगळ्यांसाठी जाहीर करावी, म्हणजे कुणाला अर्ज घेऊन केबिनबाहेर उभं राहावं लागत नाही. प्रत्येक घटकावर दहा मिनिटांचं बोलणं फोनवर मुद्रित करून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावं. चित्रफीत नको, आवाज पुरे. तो हलका असतो, कमी रेंजमध्ये उतरतो आणि जनावरांमागं हिंडतानाही ऐकता येतो. विद्यार्थी सलग चार दिवस आला नाही तर मेंटॉरचा फोन जायला हवा. हजेरी कमी पडल्याची नोटीस सत्राच्या शेवटी लावून काही मिळत नाही. तोवर मुलगी मनानं महाविद्यालय सोडून गेलेली असते. ओजेटी, म्हणजे कामाच्या जागेवरचं प्रशिक्षण, आणि समाजसंपर्काचा प्रकल्प विद्यापीठाच्या नियमांत बसेल तिथं तिच्या गावातल्याच दूध संकलन केंद्रात, ग्रामपंचायतीत, शेतकरी उत्पादक कंपनीत करू द्यावा. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कार्यालयातल्या लिपिकानं शेजारी बसून मदत केली, तर तीही या कामाचाच भाग आहे.

परीक्षा आणि लेखनिक

वर्षभर सगळं नीट करून इथं गाडं अडतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थ्याला दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ द्यायचा आहे. तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक स्वतः आणायचा की परीक्षा घेणाऱ्यांकडून घ्यायचा, हे त्या सूचनांनी विद्यार्थ्यावर सोपवलं होतं. परीक्षेच्या दोन दिवस आधी लेखनिकाची भेट घालून द्यायची होती. वेगवेगळ्या पेपरला वेगळा लेखनिक चालत होता. त्यानंतरही या विषयावर सूचना निघाल्या आहेत, म्हणून विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं चालू परिपत्रक केंद्रप्रमुखांच्या फायलीत असलंच पाहिजे.

४० टक्क्यांखालचं प्रमाणपत्र आहे म्हणून लेखनिक नाकारणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा ११ फेब्रुवारी २०२१ चा निकाल वाचावा. हात आखडून लिहिता न येणाऱ्या विकाश कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे. लेखनिकासारखी वाजवी सोय तेवढ्या अटीवर अडवता येत नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या.

सगळ्यात जास्त विसर पडतो तो अंतर्गत चाचणीचा. विद्यापीठाच्या परीक्षेला लेखनिक मिळतो आणि वर्गातल्या वीस गुणांच्या चाचणीला मुलाला सांगितलं जातं, 'तू तोंडी दे, बघू.' तोंडी त्याला हवी असेल तर उत्तमच; पण ती त्याची निवड असावी. लेखनिकांची फळी एनएसएसच्या स्वयंसेवकांतून उभी करता येते. त्यांना दोन तासांचा सराव द्यावा: प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, सुचवायचं नाही, सुधारायचं नाही, सूत्रातलं चिन्ह विचारून लिहायचं, शेवटी उत्तर वाचून दाखवायचं. खोली शांत असावी. शेजारच्या वर्गात शंभर जण लिहीत असताना या दोघांना कुजबुजत उत्तर सांगावं लागू नये.

प्राध्यापकासाठी काय

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर सांगितलेलं प्रत्येक काम कुणाच्या तरी वेळातून येणार आहे. सीएचबीवरच्या प्राध्यापकाला मानधन मिळतं ते घेतलेल्या तासिकांचं. नोट्स, शब्दयादी, ध्वनिफिती आणि मेंटॉरचे फोन यांचं काहीच मिळत नाही. त्याच्याकडून हे काम हवं असेल तर संस्थेनं आपल्या निधीतून त्याचा मोबदला द्यावा, ते शक्य नसेल तर त्याला परीक्षा-समितीच्या फुटकळ कामांतून मोकळं करावं. त्यानं तयार केलेलं साहित्य त्याच्या नावानं विभागाच्या संग्रहात ठेवावं आणि अनुभवाच्या दाखल्यात त्याची नोंद करावी. पुढच्या मुलाखतीत तोच दाखला त्याच्या हातात असतो.

प्रशिक्षणाचा रस्ता आज बहुतेकांना पदोन्नतीच्या कागदापर्यंत नेतो. मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण योजना २०२३ मध्ये सुरू झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात तिचं केंद्र आहे आणि बरेचसे वर्ग ऑनलाइन होतात. ते जरूर करावेत. पण आठ दिवस पडद्यासमोर बसून उमरग्याच्या वर्गातला प्रश्न सुटेल, असं धरून चालू नये. हे विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरला, धाराशिवहून सुमारे अडीचशे किलोमीटरवर. विद्यापीठाचं उपकेंद्र मात्र धाराशिवातच आहे. सत्रातून एकदा जिल्ह्यातल्या प्राध्यापकांची विषयवार बैठक उपकेंद्रात घ्यावी, अशी मागणी प्राचार्यांनी मिळून करायला हवी. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार १९८६ पासून आहे; ग्रामीण समाजाचा अभ्यास असलेली माणसं इतकी जवळ असताना त्यांना बोलवायला कुणाची आडकाठी आहे?

खरी मदत होते ती शेजारच्या सहकाऱ्याकडून. महिन्यातून एकदा दोघांनी एकमेकांच्या तासाला मागच्या बाकावर बसावं. तपासणी म्हणून नव्हे. अहवाल नाही, गुण नाहीत, प्राचार्यांना कळवणं नाही. बसणाऱ्यानं फक्त तीन गोष्टी टिपायच्या: मागून फळा वाचता आला का, कोणत्या मिनिटाला वर्ग हातातून सुटला, कोण एकदाही बोललं नाही. नंतर चहा घेता घेता ते सांगायचं. मी सांगू शकतो त्या सगळ्या उपायांत हाच मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपण कसे शिकवतो हे आपल्याला एरवी कुणीच प्रेमानं सांगत नाही.

दुसरं काम विद्यार्थ्यांकडून. सत्राच्या मध्यावर बिननावाच्या चिठ्ठ्या घ्याव्यात: काय नीट समजलं, कुठं वाट चुकली, काय केलं तर बरं होईल. सत्राच्या शेवटी नॅकसाठी भरून घेतात तो अभिप्राय या मुलांच्या काही कामाचा नसतो, कारण तोवर त्यांचं सत्र संपलेलं असतं. पुढच्याच तासाला चिठ्ठ्यांचा सारांश वर्गाला वाचून दाखवावा आणि त्यातली एक तरी मागणी त्याच आठवड्यात पुरी करावी. जी पुरी होणार नाही तिचं कारण सांगावं.

हे सगळं एकदम करायला निघालेलं महाविद्यालय दुसऱ्या महिन्यात दमतं. आयक्यूएसीच्या पुढच्या बैठकीत प्रत्येक विभागानं एकच पेपर निवडावा, शक्यतो पहिल्या वर्षाचा आणि जिथं नापास जास्त होतात तो. त्या एका पेपरच्या नोट्स युनिकोडमध्ये, शब्दयाद्या, ध्वनिफिती आणि फेरचाचणीची तारीख एवढं एका सत्रात होतं. चिठ्ठ्या पहिल्या आठवड्यात भरून घ्याव्यात, लेखनिकांची यादी गणपतीच्या आधी तयार व्हावी, सोयाबीनची काढणी सुरू होण्यापूर्वी पहिली चाचणी उरकावी. दुसऱ्या सत्रात त्याच विभागानं दुसरा पेपर घ्यावा आणि पहिल्याचं साहित्य शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयाला पेन ड्राइव्हवर द्यावं. त्यांच्याकडचं आपण घ्यावं.